आतून बाहेर जाणारी वाट
क्लाउडमधील खासगी जाळे बाहेरच्या इंटरनेटपर्यंत का पोहोचत नाही, आणि दोष शोधायचा कसा?

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली हे गाव २९ सप्टेंबर २०१० रोजी एका दिवसात देशाला माहीत झाले. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक याच गावात देण्यात आले. तो बारा आकडी क्रमांक आज शिधावाटप दुकानापासून बँकेपर्यंत जागोजागी विचारला जातो. त्याची पडताळणी करणारे, बोटाचा ठसा घेणारे यंत्र कधी चालते, कधी चालत नाही. चालले नाही की दुकानदार, कारकून, शिक्षक अशा सर्वांच्या तोंडी एकच कारण असते : 'रेंज नाही.' सातपुड्याच्या रांगांत वसलेल्या धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांवर हे कारण पुष्कळदा खरेही असते. डोंगराच्या एका अंगाला मनोरा आणि दुसऱ्या अंगाला पाडा असेल, तर लहरी तिथवर पोहोचणार कशा? मात्र हे कारण इतके सहज पटते की दुसरी अनेक कारणे त्याच्या आड लपून राहतात. त्यांतील एक कारण डोंगरात नसते, मनोऱ्यातही नसते. ते मुंबई किंवा पुण्याजवळच्या एखाद्या माहिती केंद्रात, कुणीतरी भरलेल्या चार ओळींच्या तक्त्यात असते.

ते समजून घेण्यासाठी आधारचेच उदाहरण सोयीचे आहे. आधारची मूळ माहिती बंगळुरू आणि मानेसर येथील केंद्रांत ठेवलेली आहे आणि ती केंद्रे सर्वसामान्य इंटरनेटवर उघडी नाहीत. पडताळणीची मागणी आधी परवानाधारक संस्थेकडे जाते, तिच्याकडून जोडणी पुरवणाऱ्या दुसऱ्या संस्थेकडे जाते आणि तिथून भाड्याने घेतलेल्या खास वाहिनीवरून केंद्रात पोहोचते. मौल्यवान वस्तू मधल्या घरात ठेवायची आणि दारे मोजकीच ठेवायची, हा त्यामागचा साधा विचार. ज्यांच्याकडे आधारइतकी नाही तरी जपण्याजोगी माहिती आहे, त्या बँका, रुग्णालये, बाजार समित्या आणि शिक्षणसंस्थाही आता हेच करतात. फरक इतकाच की त्या स्वतःची इमारत बांधत नाहीत. त्या क्लाउड कंपन्यांकडून जागा भाड्याने घेतात.

अॅमेझॉनने भाड्याच्या संगणकांभोवती खासगी जाळ्याचे कुंपण घालण्याची सोय २००९ मध्ये सुरू केली. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यासह भारतात तीन ठिकाणी, अॅमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईतच आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. त्यामुळे नंदुरबारच्या एखाद्या कार्यालयातील संगणकाच्या पडद्यावर जे दिसते, त्यामागचे यंत्र आज चारशे किलोमीटरवर असणे अगदी शक्य आहे.

पाटीलपाडा नेमका कुठला?

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. आजही सर्वाधिक रुळलेल्या पद्धतीत, म्हणजे आयपीच्या चौथ्या आवृत्तीत, असे सुमारे ४३० कोटीच पत्ते होऊ शकतात. जगाचा मुख्य साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला. ही टंचाई आधीच ओळखून १९९६ मध्ये काही पत्ते 'खासगी' म्हणून बाजूला काढून ठेवण्यात आले. १० ने सुरू होणारे सर्व पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते कुणीही आपल्या घरात, कार्यालयात वा क्लाउडमधील जाळ्यात मनसोक्त वापरावेत. अट एकच, बाहेरच्या इंटरनेटवर ते चालणार नाहीत.

सातपुड्याकडील वाचकांना हे लगेच उमजेल. पाटीलपाडा नावाचा पाडा एकाच गावात असतो असे नाही. शेजारच्या तालुक्यातही पाटीलपाडा सापडतो. गावातल्या गावात 'पाटीलपाड्यावर देऊन ये' म्हटले की निरोप पोहोचतो. पण मुंबईहून टाकलेल्या पाकिटावर नुसते 'पाटीलपाडा' लिहिले, तर टपाल खात्याने ते कुठे न्यावे? क्लाउडमधील १०.०.१.५ हा पत्ता असाच पाडा आहे. लाखो जाळ्यांत तो एकाच वेळी नांदत असतो. त्याच्याकडून बाहेर गेलेले पत्र एखादवेळी मुक्कामी पोहोचेलही, उत्तर मात्र परत येऊ शकणार नाही, कारण उत्तर पाठवणाऱ्याला कळणारच नाही की कुठल्या पाटीलपाड्याला ते पाठवायचे.

यावरचा उपाय म्हणजे पत्ता बदलून देणारा मध्यस्थ. त्याला नॅट म्हणतात. खासगी जाळ्यातील यंत्राचे पत्र तो घेतो, पाठीवरचा खासगी पत्ता खोडून आपला सार्वजनिक पत्ता लिहितो, कुणाचे पत्र होते याची आपल्या वहीत नोंद करतो आणि पत्र पुढे पाठवतो. उत्तर आले की वही पाहून ते मूळ यंत्राकडे पोहोचवतो. बाहेरून कुणी आपणहून आत यायचे म्हटले, तर वहीत नोंदच नसल्यामुळे मध्यस्थ त्याला परत पाठवतो. आतून बाहेर जाता यावे, बाहेरून आत येता येऊ नये, अशी ही एकेरी सोय. घरातील वायफायचा डबाही हेच काम करतो; केवळ त्याची जुळवणी कंपनीने आधीच करून दिलेली असते. क्लाउडमध्ये ती आपल्याला करावी लागते, आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

या मध्यस्थाचे चित्र डोळ्यांसमोर आणायचे असेल, तर नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरचे रेल्वे स्थानक आठवावे. सुरत-भुसावळ मार्गावरील या स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे; फलाटावरील एका बाकावरून दोन राज्यांची सीमा जाते आणि बसणाऱ्याने कोणत्या टोकाला बसायचे यावर तो कोणत्या राज्यात हे ठरते. नॅट गेटवेही असाच सीमेवर बसलेला असतो. त्याचे एक तोंड आतल्या यंत्रांकडे आणि दुसरे बाहेरच्या इंटरनेटकडे. हे स्थानक सीमेवर न बांधता चुकून गावाच्या आतच बांधले, तर काय होईल? पुढे येणाऱ्या उदाहरणात नेमके तेच घडते.

भाव साठला, संदेश गेला नाही

एक कल्पित उदाहरण घेऊ. नंदुरबारच्या बाजारात मिरचीची आवक सुरू झाली की ओल्या मिरचीचे ढीग लागतात आणि शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर लाल चादरी पसरतात. समजा, एका संस्थेने दिवसाचा भाव शेतकऱ्यांच्या मोबाइलवर संदेशाने पाठवण्याची व्यवस्था केली आहे. कर्मचारी संकेतस्थळावर भाव भरतो. तो मुंबईतील क्लाउडमध्ये, खासगी सबनेटमधील यंत्रावर साठवला जातो. मग ते यंत्र बाहेरच्या एसएमएस कंपनीच्या सर्व्हरला निरोप देते आणि तिथून संदेश सुटतात. टेम्पो आज भरायचा की दोन दिवस थांबायचे, हे शहादा किंवा तळोद्याचा शेतकरी त्या संदेशावरून ठरवतो. ओली मिरची फार दिवस थांबत नाही.

एका सकाळी संदेश जाणे बंद होते. संकेतस्थळ उघडते, भाव भरता येतो, तो पडद्यावर दिसतोही. त्यामुळे कार्यालयातील प्रत्येक जण म्हणतो की आमच्याकडे सर्व ठीक आहे, शेतकऱ्याकडे रेंज नसेल. या ठिकाणी थोडे थांबावे. बाहेरून आत येणारी वाट चालू असणे आणि आतून बाहेर जाणारी वाट चालू असणे, या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. संकेतस्थळाची वाट बहुधा लोड बॅलन्सर नावाच्या वेगळ्या दारातून येते. नॅटशी तिचा काहीही संबंध नसतो. 'संकेतस्थळ दिसते आहे' हा पुरावा म्हणून इथे निरुपयोगी आहे. तशीच आपल्या लॅपटॉपवरून एसएमएस कंपनीचे पान उघडून पाहण्यानेही काही सिद्ध होत नाही. तपास त्याच यंत्रावरून, निदान त्याच सबनेटमधील दुसऱ्या यंत्रावरून झाला पाहिजे.

त्या यंत्रावर पोहोचणे हीच कधीकधी पहिली अडचण ठरते. अॅमेझॉनच्या ज्या सोयीने ब्राउझरमधूनच यंत्राचा पडदा उघडतो, त्या सोयीला स्वतःलाच बाहेर जाणारी वाट लागते. वाट तुटली की दुरुस्तीचे दारही बंद. म्हणून सार्वजनिक सबनेटमध्ये प्रवेशासाठी एखादे छोटे यंत्र, किंवा जाळ्याच्या आतच त्या सेवेचे एंडपॉइंट, आधीपासून तयार असलेले बरे.

यंत्रावर पोहोचल्यावर कर्ल या साध्या आज्ञेने बाहेरचा एखादा पत्ता मागावा आणि काय उत्तर येते ते अक्षरशः लिहून घ्यावे. माझ्या मते निम्मा तपास या एका ओळीत असतो. नावच ओळखता आले नाही असे उत्तर आले, तर दोष डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेत आहे. बराच वेळ काहीच न होता शेवटी वेळ संपली असे आले, तर पाकिटे कुठेतरी मुकाट गिळली जात आहेत. दोष मार्गात किंवा पहाऱ्यात असण्याचा संभव मोठा. जोडणी तत्काळ नाकारली गेली, तर बहुधा पाकीट मुक्कामी पोहोचले, पण तिथे त्या दारावर कुणी ऐकणारे नाही. आणि ४०३ सारखा क्रमांक आला, तर जाळे ठणठणीत आहे; समोरचा तुम्हाला ओळखत नाही किंवा आत घेऊ इच्छित नाही. या चारही प्रसंगांना कार्यालयात 'नेट बंद आहे' असेच म्हटले जाते, आणि मग चार वेगवेगळ्या आजारांवर एकच गोळी दिली जाते : यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे.

दोन गोष्टींनी इथे हमखास फसगत होते. पहिली पिंगची. अनेक सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, त्यामुळे पिंग न चालणे म्हणजे वाट बंद असे नव्हे. दुसरी अधिक फसवी. अॅमेझॉनच्या खासगी जाळ्यात नाव ओळखून देणारी व्यवस्था जाळ्याच्या आतच असते. सुरुवातीच्या पत्त्यात दोन मिळवले की तिचा पत्ता मिळतो, जाळे १०.०.०.० पासून असेल तर १०.०.०.२. बाहेरची वाट पूर्ण तुटली तरी ही व्यवस्था नावाचा पत्ता बिनचूक सांगत राहते. नवशिका तंत्रज्ञ ते पाहून 'इंटरनेट तर चालू आहे' असा निष्कर्ष काढतो आणि दिवसभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो.

तक्त्यातील काळे विवर

आपल्या उदाहरणात उत्तर 'वेळ संपली' असे येते. म्हणजे पाहायचा तो रूट टेबल, अर्थात मार्गतक्ता. प्रत्येक सबनेटला असा एक तक्ता जोडलेला असतो. कुठल्या पत्त्याचे पाकीट कुठे न्यायचे, एवढेच त्यात लिहिलेले असते. ०.०.०.०/० ही ओळ म्हणजे 'बाकी सारे जग'. खासगी सबनेटच्या तक्त्यात या ओळीपुढे नॅट गेटवेचे नाव हवे. नॅट ज्या सार्वजनिक सबनेटमध्ये बसला आहे, तिथल्या तक्त्यात या ओळीपुढे इंटरनेट गेटवेचे नाव हवे. खरे म्हणजे सार्वजनिक आणि खासगी सबनेट यांत दुसरा काही भेदच नाही. सबनेटला 'पब्लिक' असे नाव दिल्याने ते सार्वजनिक होत नाही. ते ठरते त्याच्या तक्त्यातील या एका ओळीवरून. शिवाय सबनेटला स्वतंत्र तक्ता जोडायचा राहून गेला, तर जाळ्याचा मुख्य तक्ता मुकाट्याने लागू होतो. त्यामुळे तंत्रज्ञ एक तक्ता दुरुस्त करत असतो आणि यंत्र दुसऱ्याच तक्त्याप्रमाणे चालत असते, हे वरचेवर घडते.

इथे तक्ता उघडल्यावर त्या ओळीसमोर 'ब्लॅकहोल' हा शब्द दिसतो. काळे विवर. खर्च कमी करायचा म्हणून कुणीतरी आदल्या दिवशी नॅट गेटवे काढून टाकलेला असतो. नॅटला ताशी भाडे असते आणि त्यातून जाणाऱ्या प्रत्येक गिगाबाइटलाही वेगळे पैसे पडतात. महिन्याचे बिल पाहणाऱ्याला ते निरुपयोगी कलम वाटू शकते. नॅट गेला तरी तक्त्यातील ओळ तशीच उरते आणि तिकडे जाणारे प्रत्येक पाकीट नाहीसे होते.

मग घाईघाईने नवा नॅट तयार केला जातो. पण नव्या नॅटची ओळख नवी असते आणि तक्त्यातील जुनी ओळ आपोआप बदलत नाही, हे ध्यानात येईपर्यंत एक तास जातो. ओळ बदलली तरी अजूनही वेळ संपतच राहते. कारण? घाईत नॅट खासगी सबनेटमध्येच बसवला गेला. स्थानक सीमेवर नव्हे, गावात बांधले. त्या सबनेटचा तक्ता सांगतो की बाहेर जायचे तर नॅटकडे जा. नॅट स्वतः बाहेर जायला निघतो तेव्हा त्यालाही तोच तक्ता तेच सांगतो. बाहेर पडण्याची वाटच नाही. मग नॅट सार्वजनिक सबनेटमध्ये नव्याने उभारला, तक्त्यातील ओळ त्याच्याकडे वळवली, त्या सबनेटच्या तक्त्यात इंटरनेट गेटवे आहे आणि तो गेटवे जाळ्याला जोडलेला आहे याची खात्री केली, की पाकिटे बाहेर पडू लागतात.

संदेश मात्र तरीही जात नाहीत. आता उत्तर येते ४०३. आणि इथे संयमाची खरी परीक्षा असते, कारण वरवर पाहता काहीच सुधारलेले नाही, प्रत्यक्षात मात्र आजार बदललेला आहे. अनेक बँका, सरकारी व्यवस्था आणि एसएमएस कंपन्या केवळ आधी नोंदवलेल्या पत्त्यांवरूनच मागणी स्वीकारतात. नव्या नॅटबरोबर सार्वजनिक पत्ता नवा आला आणि समोरच्याच्या नोंदवहीत तो नाही. वास्तविक जुना नॅट काढला तरी त्याला दिलेला स्थिर पत्ता लगेच हातचा जात नाही. तो खात्यात राहतो आणि नव्या नॅटला पुन्हा देता येतो. नुसता पडून राहिलेल्या पत्त्यालाही पैसे पडतात म्हणून तो कुणी सोडून दिला असेल, तर मात्र तो परत मिळेल याची शाश्वती नाही. मग समोरच्या कंपनीला पत्र, तिच्याकडील मंजुरी, दोन-तीन दिवस. बाजार तोवर थांबत नाही.

बिलाबाबत एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. ज्यांना नॅटचा खर्च खरोखर जाचतो, त्यांनी नॅट काढण्याआधी त्यातून काय जाते ते पाहावे. पुष्कळदा त्यातील मोठा भाग अॅमेझॉनच्याच एस-थ्री या साठवणीकडे जाणाऱ्या बॅकअपचा असतो. त्या साठवणीसाठी जाळ्यातूनच थेट दार करून घेता येते आणि त्या प्रकारच्या दाराला पैसे लागत नाहीत. बॅकअप तिकडून वळवला की नॅटचे बिल बरेच उतरते.

दोन पहारेकरी

मार्ग नीट असूनही पाकीट अडते, तेव्हा पहाऱ्याकडे वळावे. क्लाउडमध्ये पहारेकरी दोन आणि त्यांचे स्वभाव भिन्न. सिक्युरिटी ग्रुप हा यंत्राच्या दाराशी उभा असतो आणि त्याला स्मरण असते. जो बाहेर गेला त्याचे उत्तर घेऊन येणाऱ्याला तो पुन्हा अडवत नाही. नेटवर्क एसीएल हा सबनेटच्या वेशीवर उभा असतो आणि त्याला स्मरण अजिबात नाही. जाताना परवाना दाखवा, येतानाही दाखवा. बाहेर जाणारी मागणी समोरच्या ४४३ क्रमांकाच्या दाराकडे जाते, परंतु उत्तर परत येते ते आपल्या यंत्राने त्या वेळेपुरत्या उघडलेल्या १०२४ ते ६५५३५ मधील कुठल्यातरी दाराकडे. एसीएलमध्ये 'आत येण्यास फक्त ४४३' असा नियम कुणी अतिसावधपणे लिहिला असेल, तर प्रत्येक उत्तर वेशीवरच मरते. जाळ्यासोबत मिळणारा मूळ एसीएल सर्वांना सोडतो. आपण नवा तयार केलेला मात्र आरंभी सर्वांनाच अडवतो, हेही अनेकांना ठाऊक नसते.

गोंधळ वाढला की एक उपाय हमखास सुचवला जातो : आत येण्याची सर्व दारे सर्व जगाला उघडून पाहा, आणि यंत्राला थेट सार्वजनिक पत्ता देऊन टाका. तो कधीही करू नये. बाहेर जाणाऱ्या जोडणीसाठी सिक्युरिटी ग्रुपमध्ये आत येण्याचा एकही नियम लागत नाही, तेव्हा दारे उघडून मूळ दोष दूर होणारच नाही. होईल एवढेच की ज्या माहितीसाठी खासगी जाळे बांधले, ती काही मिनिटांत जगभरच्या स्वयंचलित चाचपणी यंत्रांसमोर उघडी पडेल. 'तात्पुरते' म्हणून उघडलेले असे दार पुढे वर्षभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

अंदाज बांधण्यापेक्षा नोंदी पाहाव्यात. फ्लो लॉग ही सोय सुरू केली की कुठल्या पत्त्यावरून कुठे पाकीट गेले आणि ते स्वीकारले की नाकारले, याची ओळ उमटते. नाकारल्याची ओळ दिसली तर पहारेकरी दोषी. बाहेर जाणारी ओळ स्वीकृत आणि परतीची ओळच नाही, तर मार्ग किंवा समोरचा. नोंदी ताबडतोब उमटत नाहीत, काही मिनिटे मागे असतात, हे लक्षात ठेवून वाचाव्यात. पाकीट न पाठवताच नुसत्या मांडणीवरून वाट जुळते की नाही हे सांगणारे साधनही अॅमेझॉनने २०२० मध्ये दिले आहे.

कधी चालते, कधी नाही

सर्वांत चिकट दोष म्हणजे अधूनमधून येणारा. सकाळी दहा संदेश जातात, दुपारी हजार पाठवायचे म्हटले की काही जातात आणि काही अडकतात. नॅटच्या वहीलाही पाने मोजकीच असतात. अॅमेझॉनचा नॅट एका सार्वजनिक पत्त्यावरून एकाच मुक्कामाकडे एका वेळी सुमारे ५५ हजार जोडण्या सांभाळतो. प्रोग्रॅम प्रत्येक संदेशासाठी नवी जोडणी उघडत असेल आणि जुनी नीट बंद करत नसेल, तर ही पाने वाटते त्यापेक्षा लवकर भरतात. एकच जोडणी पुन्हा पुन्हा वापरणे हा त्यावरचा खरा इलाज. नॅटला आणखी पत्ते जोडणे हा दुसरा, पैसे लागणारा.

याउलट काहीच न बोलता बसलेल्या जोडणीचाही प्रश्न असतो. ३५० सेकंद एकही पाकीट गेले नाही की हा नॅट ती जोडणी विसरतो. मायक्रोसॉफ्टच्या नॅटमध्ये ही मुदत मुळात चार मिनिटांची असते. आतले यंत्र मात्र जोडणी शाबूत आहे असे समजून पुढचे पाकीट पाठवते आणि आपटते. दुपारच्या जेवणानंतरचा पहिला संदेश नेहमी चुकतो, अशी तक्रार कुणी केली तर ती हसण्यावारी नेऊ नये. अधूनमधून 'मी आहे' असे सांगणारी छोटी पाकिटे पाठवण्याची सोय चालू केली की तो दोष जातो.

तिसरा प्रकार पाकिटाच्या आकाराचा. खासगी जाळ्याच्या आत ९००१ बाइटपर्यंतची पाकिटे चालतात, बाहेर पडताना १५०० आणि मध्ये एखादा बोगदा असेल तर त्याहून कमी. 'पाकीट मोठे आहे, लहान करा' हा निरोप ज्या प्रकारच्या पाकिटातून परत येतो, तोच प्रकार कुणी सुरक्षेच्या नावाखाली बंद केलेला असतो. मग जोडणी होते, नमस्कार-चमत्कार होतात आणि खरा मजकूर निघाला की सारे गोठते. लहान संदेश जातात, मोठे अडकतात, ही याची खूण.

हे सर्व दोष अॅमेझॉनपुरते आहेत असे नाही. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये तर वर्षानुवर्षे नव्या यंत्राला काहीही न करता बाहेर जाण्याची वाट आपोआप मिळत असे. ही सोय पुढे बंद होणार असल्याचे कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले. ज्यांनी त्या आपोआप मिळालेल्या वाटेवर व्यवस्था उभारल्या, त्यांना नव्या जाळ्यात तेच काम चालत नाही असे दिसले, तर शोध नॅटपासूनच सुरू करावा.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीत पत्त्यांचा तुटवडा नाही, म्हणून पत्ता बदलून देणाऱ्या मध्यस्थाचीही गरज नाही. तिथे फक्त बाहेर जाऊ देणारा, आत न येऊ देणारा वेगळा गेटवे मिळतो. भारतातील मोबाइल जाळ्यांवर ही आवृत्ती आज मोठ्या प्रमाणावर चालते; शेतकऱ्याच्या हातातील फोन बहुधा तिच्यावरच असतो. अडचण समोरच्या बाजूची आहे. ज्या सर्व्हरशी बोलायचे, तो अजून चौथ्याच आवृत्तीचा पत्ता ओळखत असेल, तर आपण एकट्याने पुढे जाऊन भागत नाही.

तोवर कार्यालयप्रमुखाने, तो तंत्रज्ञ नसला तरी, तीन गोष्टी कागदावर मागून ठेवाव्यात : आपल्या नॅटचा सार्वजनिक पत्ता कोणता, तो कुणाकुणाच्या नोंदवहीत लिहिलेला आहे, आणि ते भाडे बंद करण्याचा अधिकार कुणाला आहे. आणि मिरचीचा भाव कळला नाही म्हणून शहाद्याहून कुणाचा दूरध्वनी आलाच, तर त्याला रेंजबद्दल विचारण्याआधी संदेश आपल्याकडून सुटला होता का, हे एकदा नोंदीत पाहून घ्यावे.